घर कुणाचे, गाव कुणाचे? : व्हिक्टोरियाच्या काळातले इंग्रज खेडे

इंग्रजी खेडे म्हटले की आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. हिरवी कुरणे, गवताने शाकारलेली टुमदार घरे, चर्चचा मनोरा, ऐरणीवर घण घालणारा धिप्पाड लोहार आणि संध्याकाळी समाधानाने घरी परतणारा शेतकरी. मी इंग्रजी शिकवतो. दरवर्षी हे चित्र पाठ्यपुस्तकातून वर्गात येते आणि विद्यार्थी ते निमूटपणे वहीत उतरवून घेतात. ते टुमदार घर कुणाच्या मालकीचे होते, हा प्रश्न मात्र वर्गात कुणी विचारत नाही. माझ्या मते त्या खेड्याचे सारे रहस्य या एका प्रश्नात आहे.

व्हिक्टोरिया १८३७ साली गादीवर आली आणि १९०१ साली वारली. १८५१ च्या शिरगणतीत इंग्लंडमध्ये शहरी वस्ती प्रथमच ग्रामीण वस्तीपेक्षा जास्त भरली. तरीही सर्वांत जास्त माणसे ज्या धंद्यावर जगत होती तो धंदा शेतीचाच होता. परंतु जमीन कसणाऱ्याची नव्हती. वरच्या पायरीवर जमीनदार, म्हणजे स्क्वायर. मधल्या पायरीवर त्याची जमीन खंडाने घेणारा फार्मर. या शब्दाचे आपण 'शेतकरी' असे भाषांतर करतो आणि तिथेच फसतो. हा फार्मर बहुधा स्वतः नांगर धरीत नसे, तो मजूर लावून शेती करवून घेई. खालच्या पायरीवर शेतमजूर. त्याच्या आज्या-पणज्याला गावच्या सामाईक रानात गाय चारण्याचा आणि सरपण तोडण्याचा हक्क होता. पार्लमेंटने शंभरेक वर्षांत हजारो कायदे करून ती राने कुंपणात घातली. मजुराजवळ दोन हात तेवढे उरले.

जमीनवाले आणि मजूर यांच्या मध्ये गावचे कारागीर होते. लोहार, गाड्या करणारा सुतार, मोची, खोगीर शिवणारा, घरे शाकारणारा, गिरणीवाला. त्यांचे कसब खरोखरच थोर होते. गाडीचे एक चाक घ्या. त्याचा तुंबा एल्मच्या लाकडाचा, कारण ते सहसा उकलत नाही. आरे ओकचे, कारण त्यांना भार सोसायचा असतो. परिघाचे पुठ्ठे अ‍ॅशचे, कारण ते लवचीक असते. लाकूड वर्षानुवर्षे वाळवत ठेवायचे. शेवटी लोहाराने लोखंडी धाव लाल तापवून चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. धाव आकसली की सगळे सांधे करकचून आवळले जात. सरे परगण्यातल्या फार्नहॅम येथील जॉर्ज स्टर्टने १८८४ साली वडिलांचे असे दुकान हाती घेतले आणि पुढे १९२३ साली त्यावर पुस्तक लिहिले. हिशेब तपासल्यावर त्याला दिसले की दर परंपरेने ठरलेले आहेत, आणि त्यात पुष्कळदा खर्चही निघत नाही. तरीही या कारागिरांजवळ हत्यारे स्वतःची होती आणि गिऱ्हाइके अनेक होती. एक फार्मर रुसला तर चूल विझत नसे.

बायकांचे धंदे या चित्रात येतच नाहीत. बेडफर्डशायर आणि हर्टफर्डशायर भागात गव्हाच्या काडांच्या वेण्या विणल्या जात. त्यांच्या टोप्या ल्यूटन गावी तयार होत. चार-पाच वर्षांच्या मुलांना वेण्या विणायच्या 'शाळां'त बसवीत. तिथे अक्षरओळख नावापुरती आणि बोटांचे काम दिवसभर. डेव्हनमध्ये घरोघर लेस विणली जाई. १८४० साली राणीच्या लग्नातली लेस बीअर नावाच्या किनाऱ्यावरच्या खेड्यात विणली गेली. पुढे चीनमधून स्वस्त वेण्या येऊ लागल्या आणि काडकामाचा धंदा बसला. कापणीनंतर शेतात सरवा वेचण्याचा बायकांचा रिवाज होता. तो कायदेशीर हक्क नाही, असे न्यायालयाने १७८८ सालीच सांगितले होते. तरी गरज होती म्हणून बायका पुढेही वेचत राहिल्या.

आता मजुराकडे येऊ. जेम्स केअर्ड याने १८५०-५१ साली परगण्या-परगण्यांत हिंडून शेतीची पाहणी केली. उत्तरेकडे, जिथे गिरण्या आणि खाणी मजुरांना ओढून घेत होत्या, तिथे आठवड्याची सरासरी मजुरी ११ शिलिंग ६ पेन्स होती. दक्षिणेकडे ती ८ शिलिंग ५ पेन्स होती. दक्षिणेतली जमीन काही कमी पिकत नव्हती. मजुराला दुसरे दार उघडे आहे की नाही, यावर त्याची किंमत ठरत होती.

ते दार बंद करण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे घर. पुष्कळ मजूर मालकाच्या घरात राहत; काम गेले की घर गेले. आणि घरे किती असावीत हेही जमीनदार ठरवी. गरिबांना पोसण्याचा कर प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावावर, स्वतंत्र बसे. जिथे सगळी जमीन एकाच मालकाची होती तिथे तो मजुरांची घरे पाडी किंवा नवी बांधू देत नसे. गरीब राहायलाच नकोत, म्हणजे करही नको. अशा गावाला 'बंद' गाव म्हणत. हुसकलेली माणसे शेजारच्या 'खुल्या' गावात दाटीवाटीने राहत आणि मैलोगणती चालून बंद गावच्या शेतावर कामाला येत. नॉरफोकमधले कॅसल एकर हे असेच खुले गाव. तिथून बायका-मुलांच्या टोळ्या मुकादमाच्या हाताखाली तण काढायला, दगड वेचायला जात. आठ वर्षांखालच्या मुलांना टोळीत घेण्याची बंदी १८६७ साली आली, यावरून आधी काय चालत असेल ते समजावे. कराचा बोजा एका गावाऐवजी अनेक गावांच्या संघावर टाकणारा कायदा १८६५ साली झाला, तेव्हा घरे पाडण्यातला फायदा संपला.

काम नाही, घर नाही, म्हातारपण आले, तर पुढे वर्कहाउस. १८३४ च्या कायद्याने ते मुद्दाम इतके कठोर केले होते की माणसाने उपाशी मरायची वेळ आल्याशिवाय तिथे पाऊल टाकू नये. नवरा-बायकोला तिथे वेगळे ठेवीत. हँपशायरमधल्या अँडोव्हरच्या वर्कहाउसात खतासाठी हाडे फोडणारी भुकेली माणसे त्या हाडांनाच लागलेले कुजके मांस खातात, हे १८४५ साली उघडकीस आले आणि देश हादरला.

या साऱ्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस म्हणजे जोसेफ आर्च. वॉरिकशायरमधल्या बारफर्ड गावी १८२६ साली जन्मलेला. नऊ वर्षांचा असताना तो दिवसाला ४ पेन्सवर शेतातली पाखरे हाकू लागला, पुढे जिवंत कुंपणे छाटण्यात नामांकित झाला. लहानपणी त्याने चर्चच्या दाराच्या कुलपाच्या भोकातून प्रभुभोजनाचा विधी पाहिला. आधी स्क्वायर गेला, मग फार्मर, मग दुकानदार, सुतार आणि लोहार. सगळ्यांत शेवटी जाडेभरडे झगे घातलेले मजूर, त्यात त्याचा बापही. देवाच्या दारातली ही उतरंड तो जन्मभर विसरला नाही. मोठेपणी तो त्या चर्चमध्ये रमला नाही. मेथडिस्टांच्या साध्या प्रार्थनागृहात उपदेश करू लागला.

बापाने धान्य महाग ठेवणाऱ्या कायद्याच्या बाजूने सही करायला नकार दिला तेव्हा कित्येक आठवडे त्याला गावात कुणी काम दिले नाही. आईने धुणी धुऊन घर चालवले. पण ते कुटुंब गावाबाहेर फेकले गेले नाही, कारण बारफर्डमधले ते छोटे घर आर्च कुटुंबाचे स्वतःचे होते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आर्च शूर होता यात शंका नाही. पण त्याच्याइतकेच शूर कित्येक मजूर मालकाच्या छपराखाली गप्प बसले असतील. बंडालाही उभे राहायला आपली जमीन लागते.

७ फेब्रुवारी १८७२ रोजी वेल्सबर्न गावी एका चेस्टनटच्या झाडाखाली, कंदिलांच्या उजेडात शेकडो मजूर जमले. डुक्कर कापायच्या लाकडी घडवंचीवर उभा राहून आर्च बोलला. त्याच वर्षी मे महिन्यात शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. दोन वर्षांत तिचे सुमारे ८६ हजार सभासद झाले. १८७३ साली ऑक्सफर्डशायरमधल्या अ‍ॅस्कट गावच्या सोळा बायकांनी संप फोडायला आलेल्या मजुरांना अडवले. दोन मॅजिस्ट्रेटांनी त्यांना तुरुंगात धाडले. काहींच्या कडेवर तान्ही मुले होती. ते दोन्ही मॅजिस्ट्रेट धर्मगुरू होते. १८७४ साली पूर्वेकडच्या परगण्यांतल्या फार्मरांनी संघटनेच्या सभासदांवर टाळेबंदी लादली आणि संघटनेचे कंबरडे मोडले. पण १८८४ साली ग्रामीण मजुराला मताचा हक्क मिळाला, आणि १८८५ साली कुंपणे छाटणारा आर्च नॉरफोकमधून पार्लमेंटवर निवडून गेला.

इथे आपला वाचक विचारील, मग त्यांचे दुःख आणि आपले दुःख एकच का? नाही. बारफर्डचा मजूर रांगेत शेवटी उभा राहिला, पण त्याच्या ओठांना लागलेला पेला स्क्वायरच्या ओठांना लागलेलाच होता. तो बर्मिंगहॅमला गेला की त्याच्या बापाचा धंदा विचारून कुणी त्याला पाणी नाकारीत नसे. बाबासाहेबांनी १९३६ साली सांगितले की जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. तो भेद विसरून केलेली तुलना आपल्या अनुभवाशी बेइमानी ठरेल.

पण बांधून ठेवण्याची युक्ती मात्र ओळखीची आहे. त्याच १८७४ साली मुंबई सरकारने वंशपरंपरागत वतनांचा कायदा केला. तुकडाभर जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात महाराला गावकीच्या राबणुकीला जखडणारी व्यवस्था त्याने कायम ठेवली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. ही वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडले. तिकडे मालकाचे घर, इकडे वतनाची जमीन. देणगी म्हणून मिळालेली वस्तूच दावे झाली.

म्हणून इंग्रजी खेड्याचे वर्णन वाचताना विद्यार्थ्यांनी शाकारलेल्या छपराचे जरूर कौतुक करावे. ते शाकारणाऱ्याच्या हाताचे कसब आहे. फक्त एक प्रश्न सोबत विचारावा. मालकाविरुद्ध तोंड उघडल्यावर दुसऱ्या रात्री त्या छपराखाली निजता आले असते का?