रविवारी हॉस्पिटलात जावं की सोमवारची वाट पाहावी?

सुट्टीच्या दिवशी घरात कुणाच्या छातीत दुखू लागलं, की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘आज मोठे डॉक्टर कुठे भेटणार? सोमवारी दाखवू.’ यात आळस नसतो. सुट्टीला हॉस्पिटल अर्धंच चालू असतं, अशी आपली समजूत असते. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडेही शुक्रवारी संध्याकाळी नवा बदल लाइव्ह करत नाहीत, कारण बिघडलंच तर शनिवारी दुरुस्तीला माणसं कमी असतात. म्हणून हॉस्पिटलांचे आकडे काय सांगतात, हे मी जरा खोलात जाऊन वाचलं.

२००१ साली कॅनडातल्या बेल आणि रेडेलमायर या दोन डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९८८ ते १९९७ या दहा वर्षांत ओंटारियो प्रांतात इमर्जन्सीतून दाखल झालेल्या सुमारे ३८ लाख रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुटून शनिवार-रविवारी दाखल झालेल्या शंभरांपैकी ४२ रुग्ण दगावले. इतर दिवशी हा आकडा ३६ होता. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकलेल्यांमध्ये १३ आणि ११ असा फरक होता. पण हार्ट अटॅक, मेंदूतला रक्तस्राव आणि खुब्याचं हाड मोडणं, या तिन्हींत दखल घेण्याजोगा फरक त्यांना दिसला नाही. म्हणजे नुसता वार वाईट नसतो. कोणता आजार आहे आणि त्याला त्या घटकेला काय लागतं, यावर बरंच ठरतं.

हार्ट अटॅकचं चित्र पुढे थोडं बदललं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचा अभ्यास २००७ मध्ये आला. १९९९ ते २००२ या काळात शनिवार-रविवारी दाखल झालेल्यांपैकी १२.९ टक्के रुग्ण महिनाभरात गेले, इतर दिवशी १२ टक्के. सुट्टीला अँजिओप्लास्टीसारखे उपचार कमी होत होते. तो फरक हिशेबात धरला, तर मृत्यूंमधली तफावत जवळपास मिटत होती. उपाय हाताशी असून तो वेळेवर न मिळणं, हे दुखणं होतं.

इंग्लंडमध्ये तर यावरून राजकारण पेटलं. तिथल्या सरकारी रुग्णालयांच्या २००९-१० च्या नोंदींत, बुधवारच्या तुलनेत रविवारी दाखल झालेल्यांना महिनाभरात मृत्यूचा धोका १६ टक्के जास्त दिसला. हे ऐकून घाबरायला होतं. पण समजा, बुधवारी शंभरांतले दोन दगावत असतील, तर १६ टक्के वाढ म्हणजे साधारण २.३. शंभरांत सोळा जास्त, असा त्याचा अर्थ नाही. पुढे २०१५ मध्ये, शुक्रवार ते सोमवार दाखल झालेल्यांत वर्षाला सुमारे ११ हजार जास्तीचे मृत्यू, असा आकडा आला. हे सगळे मृत्यू टाळता आले असते असं समजणं चुकीचं ठरेल, असं त्या संशोधकांनीच बजावलं होतं. तरी आठवडाभर सारखी सेवा हवी, यासाठी आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी असे आकडे पुढे केले आणि २०१६ मध्ये ज्युनियर डॉक्टर नव्या करारावरून संपावर गेले.

खरी गोम छेदात होती. मँचेस्टरच्या संशोधकांनी दाखवलं, की शनिवार-रविवारी इमर्जन्सीत आलेल्यांपैकी कमी लोकांना दाखल करून घेतलं जातं, आणि जे दाखल होतात ते जास्त आजारी असतात. इमर्जन्सीत आलेले सगळे रुग्ण मोजले, तर सुट्टीचा फरक दिसत नाही. भागाकारात खालची संख्या बदलली की टक्केवारी बदलते, हे आपण शाळेतच शिकलो आहोत.

मग आपण काय घ्यायचं? ‘रविवारी जाऊ नये’ हा अर्थ तर अजिबात नाही. हे सगळे आकडे दाखल झालेल्यांचे आहेत. घरी ॲसिडिटीची गोळी घेऊन सोमवारची वाट पाहणारा माणूस त्यांत मोजलाच जात नाही, आणि सगळ्यात मोठा धोका त्यालाच असतो. हृदयाची वाहिनी बंद झाली, की स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं ही पक्षाघाताची लक्षणं आहेत. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. दसरा-दिवाळी आहे, घरात पाहुणे आहेत, याच्याशी त्या घड्याळाला काही देणंघेणं नसतं.

मात्र ‘कुठे जायचं’ हे आधी ठरवून ठेवणं आपल्या हातात आहे. घराजवळच्या दोन-तीन हॉस्पिटलांत आजच फोन करून विचारा: रविवारी रात्री अँजिओप्लास्टी होते का? सीटी स्कॅन चोवीस तास चालू असतो का? बोलावल्यावर तज्ज्ञ डॉक्टर किती वेळात पोचतात? उत्तरं लिहून फ्रिजवर लावा. सोबत आई-बाबांची औषधं, ॲलर्जी आणि जुन्या ऑपरेशनांची यादी ठेवा. ॲम्ब्युलन्सचा १०८ नंबर आपल्या हैदराबादला नवा नाही; ती सेवा १५ ऑगस्ट २००५ ला इथूनच सुरू झाली. पण घाबरलेल्या आजीला तो आठवेलच असं नाही, म्हणून तोही मोठ्या अक्षरांत लिहा.

एवढं कागदावर असलं, की रविवारी पहाटे तीन वाजता घरात चर्चा होत नाही. सरळ गाडी निघते.