रोग्याची माहिती फुटते तेव्हा

गेल्या महिन्यातली गोष्ट. सोमवारी सकाळी दवाखाना उघडायला गेलो, तर एक निवृत्त गुरुजी आधीच पायरीवर येऊन बसलेले. आमचे वीस वर्षांचे पेशंट. ब्लडप्रेशर पाहिले, १९० वर ११०. गोळी चुकवणारा हा माणूस नव्हे. विचारले तेव्हा म्हणाले, "गोळी चुकली नाही डॉक्टर. एक विचारू? राग मानू नका. माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनची माहिती तुमच्या दवाखान्यातून कुणाला दिली गेली का?"

हकिगत अशी होती. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांना फोन आला. बोलणारा शुद्ध मराठीत, दर वाक्याला 'सर' म्हणणारा. त्याला पॉलिसीचा नंबर ठाऊक, ऑपरेशन कुठल्या महिन्यात झाले ते ठाऊक, क्लेममधून किती रुपये कापले गेले तेही ठाऊक. "ते कापलेले पैसे परत मिळणार आहेत, मोबाईलवर आलेला ओटीपी तेवढा सांगा." गुरुजींनी सांगितला आणि खात्यातून चौदा हजार गेले. पैशाचे दुःख होतेच, पण गुरुजींचा प्रश्न वेगळा होता. "माझ्या पोटावरची शिवण त्या माणसाला दिसली कशी?"

आरोग्य विम्याचा क्लेम केला की आपला केसपेपर रुग्णालय, मध्यस्थ कंपनी आणि विमा कंपनी असा तीन ठिकाणी फिरतो. यातल्या कुठल्याही संगणकातून तो चोरीला जाऊ शकतो. गुरुजींची कंपनी वेगळी, पण सप्टेंबर २०२४ मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या बाबतीत काय झाले ते वाचकांना आठवत असेल. ग्राहकांची पॉलिसी व क्लेमची कागदपत्रे, तपासण्यांच्या अहवालांसकट, टेलिग्रामवर मागेल त्याला मिळत होती, अशी बातमी रॉयटर्सने दिली. तीन कोटी दहा लाख ग्राहकांची माहिती आपल्याकडे आहे, असा चोराचा दावा होता. कंपनीने मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली आणि ऑक्टोबरमध्ये सायबर हल्ला झाल्याचे मान्य केले. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर हल्लेखोरांनी बंद पाडले होते. तिथे कित्येक दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले.

एटीएम कार्ड बदलता येते, पासवर्ड बदलता येतो. मधुमेह, गर्भपात, मानसिक आजाराची गोळी, एचआयव्हीचा अहवाल हे कसे बदलणार? आणि माहिती फुटते असे एकदा मनात बसले की पेशंट डॉक्टरपासूनच आजार लपवू लागतो. माझ्या मते सगळ्यात मोठे नुकसान हे आहे.

आता करायचे काय? पैसे गेले असतील तर पहिला तास मोलाचा. १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो, तो वाटेत गोठवता येतो. लगेच बँकेलाही कळवून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये नियम केला की, ग्राहकाची आणि बँकेची दोघांचीही चूक नसताना पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काही जबाबदारी नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे लाजून दोन दिवस गप्प बसणे महागात पडते. पुष्कळ वयस्कर माणसे गप्पच बसतात. मुलगा ओरडेल ही भीती. घरच्यांना विनंती, अशा वेळी ओरडू नका. झोप उडते, छाती धडधडते, साखर वाढते, हे मी दर दोन-तीन महिन्यांनी पाहतो.

पैसे गेले नसले तरी माहिती फुटल्याचे कळल्यावर काही गोष्टी कराव्यात. आधारचे बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात. मोबाईलवरच्या अधिकृत आधार ॲपमधून ते होते, मुलीला किंवा नातवाला सांगावे. कुठे आधारची प्रत द्यावी लागली तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारी द्यावी. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसते. आपल्या नावाने कुणी कर्ज तर उचलले नाही ना, हे सिबिलसारख्या कंपन्यांच्या अहवालात कळते, आणि प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा असतो.

मग कंपनीला पत्र. फोनवर बोलून काही उपयोग नाही, हे मी अनुभवाने सांगतो. पत्र तक्रार अधिकाऱ्याच्या नावे, स्पीड पोस्टाने किंवा ईमेलने, आणि त्यात तीन प्रश्न: माझी कोणती माहिती गेली, कधी गेली, तुम्ही काय केले. २०११ च्या आयटी नियमांनुसार या अधिकाऱ्याने महिन्याच्या आत तक्रार सोडवायची असते. विमा कंपनी दाद देत नसेल तर विमा प्राधिकरणाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर जावे.

भरपाईचे काय, हा प्रश्न सगळे विचारतात. २०२३ चा नवा डेटा संरक्षण कायदा कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड करू शकतो, पण तो दंड सरकारी तिजोरीत जातो, तुमच्या आमच्या हातात काही पडत नाही. मला ही गोष्ट पटत नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि माहिती फुटली की प्रत्येक ग्राहकाला विनाविलंब कळवायचे, हे कलम त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायचे आहे. तोपर्यंत आयटी कायद्याचे कलम ४३-अ आहे. वैद्यकीय नोंदी संवेदनशील माहितीत मोडतात. त्या सांभाळण्यात कंपनीने हयगय केली आणि त्यातून नुकसान झाले, तर भरपाई मागता येते. दाद मागायची ती राज्याच्या आयटी सचिवांकडे, पाच कोटींपर्यंतच्या दाव्यांसाठी. या वाटेने पैसे मिळतात. २०१३ मध्ये पुण्याच्या एका फसवल्या गेलेल्या ग्राहकाला पंजाब नॅशनल बँकेने ४५ लाख द्यावेत, असा आदेश सचिवांनी दिला होता. गेलेली सगळी रक्कम मात्र मिळाली नाही, कारण खोट्या ईमेलला त्याने स्वतः उत्तर दिले होते. नवा कायदा पुरता लागू झाला की ४३-अ रद्द व्हायचे आहे, म्हणून ज्याला जायचे त्याने वेळ काढू नये.

दुसरी वाट आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाची. विश्वासाने दिलेली माहिती कायद्याची मुभा नसताना दुसऱ्याला उघड करणे, ही २०१९ च्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. भरलेला मोबदला, म्हणजे विम्याचा हप्ता, पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

गुरुजींच्या प्रश्नावर मी दवाखान्यात नजर फिरवली. पेशंटांचे रजिस्टर बाकाजवळच्या खिडकीत उघडे, कंपाउंडर मोठ्याने "शुगरवाले कोण?" म्हणून विचारतोय, आणि माझ्या मोबाईलमध्ये शे-दोनशे लोकांचे रिपोर्ट. "आमच्याकडून गेली नाही," असे मी त्यांना म्हणालो खरा, पण आवाज जरा उतरला होता. रजिस्टर आता कपाटात असते. मोबाईलमधले जुने रिपोर्ट पुसले. कंपाउंडरची सवय जायला वेळ लागेल.

चौदांपैकी सहा हजार गोठवले गेले आहेत, बाकीचे हाती लागले नाहीत. कंपनीला लिहायच्या पत्राचा मसुदा मी करून दिला होता. गुरुवारी गुरुजी प्रेशर दाखवायला आले, १५० वर ९०, आणि तो कागद माझ्यापुढे ठेवला. त्यात माझ्या तीन ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त केलेल्या होत्या.