वाडीच्या सावलीत मधमाश्यांचा चारा

कोकणातील परसात काकडीचा वा भोपळ्याचा वेल मांडवावर चांगला पसरतो, फुलेही भरपूर येतात. परंतु कोवळी फळे पिवळी पडून गळून जातात, असा अनुभव पुष्कळ शेतकऱ्यांस येतो. खत कमी पडले, अशी समजूत करून घेतली जाते. खत पुरेसे असेल व फळमाशीचा उपद्रव नसेल, तर परागीभवन अपुरे होत नाही ना, ह्याचा विचार करावयास हवा. ह्या वेलींची नर-फुले व मादी-फुले निरनिराळी असतात. नर-फुलातील जड, चिकट पराग वाऱ्याने उडत नाही. तो मधमाश्यांनाच वाहून न्यावा लागतो. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते व दुपारपर्यंत मिटते. तेवढ्या अवधीत माशी आली नाही, तर ते फळ गेलेच.

वांग्याचे फूल आणखी निराळे आहे. त्याचा पराग परागकोशांच्या टोकावरील छिद्रांतून बाहेर पडतो. काळा भुंगा आणि पोटावर निळसर पट्टे असलेली एकेकटी राहणारी मधमाशी फुलाला धरून अंग थरथरवतात, तेव्हा तो सुटतो. पेटीतील सातेरी मधमाशीस हे साधत नाही. म्हणून नुसती मधपेटी ठेवून भागत नाही. रानच्या माश्याही परसात टिकावयास हव्यात. भाजीचा हंगाम नसतानाही त्यांना फुले मिळाली, तरच त्या टिकतील.

ह्यासाठी वेगळे शेत लागत नाही. नारळी-पोफळीखालची व आंब्याच्या कडेची सावलीची जमीन बहुधा मोकळीच असते. सह्याद्रीच्या रानात झाडांच्या छायेत वाढणाऱ्या बहुवर्षायू वनस्पती तेथे सहज येतात.

कोणत्या वनस्पती लावाव्यात?

पावसाळ्यासाठी पेव व रानहळद लावावी. पेव पुष्कळ सावली सहन करतो. हिवाळ्यात दोहोंची पाने वाळतात, पण गड्डे जमिनीत जिवंत असतात. खणताना ते तुटू नयेत म्हणून जागेवर खुंटी मारून ठेवावी. विरळ सावलीत भारंगी व भूतकेस लावावा. भारंगीच्या पानाफुलांची भाजी होते, तर भूतकेसाच्या फुलांवर फुलपाखरे येतात. पाऊस ओसरताच कोरांटी फुलते आणि त्यानंतर थंडीत अडुळसा. अडुळशास गुरे तोंड लावीत नाहीत, म्हणून तो कुंपणासही चालतो. पेंटगूळ तर वर्षातील बराच काळ फुलावर असतो. कारवीचा मध प्रसिद्ध आहे. परंतु ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलून मरते, तेव्हा केवळ तिच्यावर विसंबू नये.

लागवड

मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर अडुळसा, कोरांटी व भूतकेस ह्यांच्या काड्या आणि पेव व रानहळदीचे गड्डे लावावेत. ते शेजाऱ्यांकडून वा रोपवाटिकेतून घ्यावेत. रानातून उपटून आणू नयेत. एका जातीची चार-पाच झाडे एकत्र लावावीत, म्हणजे माश्यांना ती दुरून दिसतात. सकाळचे ऊन जेथे झिरपते अशी जागा निवडावी, कारण गर्द काळोखात फुले कमी येतात आणि माश्याही कमी फिरकतात.

निवारा

एकेकट्या राहणाऱ्या पुष्कळ माश्या जमिनीत बिळे करतात, तर भुंगे वाळक्या लाकडात व बांबूत घरे करतात. म्हणून एखादा कोरडा कोपरा न खणता, पालापाचोळ्याने न झाकता ठेवावा. जुने वासे व बांबू सर्वच चुलीत घालू नयेत. पीक फुलावर असताना कीटकनाशक फवारू नये. फवारणी अटळच असेल तर माश्या घरी परतल्यावर सायंकाळी करावी.

झाडे फुलू लागली की सकाळी पाव तास वेलापाशी उभे राहून फुलांवर येणाऱ्या माश्या मोजाव्यात व आकडा लिहून ठेवावा. दुसऱ्या वर्षी त्याच दिवसांत पुन्हा मोजावे, आणि वेलावर धरलेली फळेही मोजावीत. सावलीतील फुलांनी काय दिले, ते ह्या दोन आकड्यांवरून आपले आपणासच कळेल.