विश्लेषण : बटण दाबताच रिपोर्टमधले आकडे का बदलतात?

समजा, विक्रीच्या आढावा बैठकीत पडद्यावर जून महिना निवडलेला आहे. कुणीतरी ‘तक्ता दाखवा’ हे बटण दाबतो. आलेखाच्या जागी तक्ता येतो, पण महिनाही गुपचूप मार्च होतो. चुकीचा कोणताही संदेश नाही. आकडेही खरेच, फक्त मार्चचे! त्यावरूनच पुढचे टार्गेट ठरले तर?

अशा घोळामागे अनेकदा ‘बुकमार्क’ असतो. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयमध्ये ही सोय २०१७ मध्ये आली. नाव साधे असले तरी बुकमार्क फक्त पान लक्षात ठेवत नाही. फिल्टर, स्लायसर, क्रमवारी, ड्रिलची पातळी, कोणता आलेख दिसतो आणि कोणता लपलेला आहे, हे सारे तो जतन करतो. आकडे मात्र त्यात साठत नाहीत.

चूक नेमकी कुठे?

बुकमार्कच्या नावाशेजारच्या तीन टिंबांवर क्लिक करा. तिथे ‘डेटा’, ‘डिस्प्ले’ आणि ‘करंट पेज’ हे पर्याय सुरुवातीपासून चालू असतात. बटणाचे काम फक्त आलेख आणि तक्ता यांची अदलाबदल करणे असेल, तर ‘डेटा’ बंद करा. मग वापरकर्त्याने निवडलेला महिना हलत नाही. अर्थात, क्रमवारी आणि ड्रिलही मग जतन होत नाहीत.

दुसरी तक्रार असते एकावर एक आलेख दिसण्याची. बुकमार्क केल्यानंतर पानावर टाकलेल्या आलेखाची त्या बुकमार्कला खबरच नसते, त्यामुळे तो दिसत राहतो. आधी बुकमार्क लागू करा, ‘सिलेक्शन पेन’मधून नको तो आलेख लपवा, मगच ‘अपडेट’ दाबा. हा क्रम चुकला, तर पडद्यावरची भलतीच स्थिती जतन होते.

तपासणी कशी करावी?

मुद्दाम वेगळाच महिना निवडून प्रत्येक बटण दाबून पाहा. कोणते बटण कोणता बुकमार्क उघडते, याची यादी करा. ‘बुकमार्क १२’ सारखी नावे तेव्हाच बदलून टाका, सहा महिन्यांनी त्यांचा अर्थ कुणालाच आठवत नाही. रिपोर्ट मोठा असेल तर तो पीबीआयआर स्वरूपात जतन करता येतो. त्यात प्रत्येक बुकमार्कची स्वतंत्र जेसन फाइल असते, त्यामुळे शोध घेणे सोपे जाते.

सगळ्यांना आकडे बरोबर दिसतात, एकालाच वेगळे दिसतात? मग त्याचे ‘पर्सनल बुकमार्क’ पाहा. ते रिपोर्ट बनवणाऱ्याच्या यादीत दिसत नाहीत, त्या व्यक्तीच्याच खात्यातून तपासावे लागतात.