भांडी घासण्याच्या पेस्टची घडण

चुलीतली राख हे महाराष्ट्रातील स्वयंपाकघराचे जुने क्षालनद्रव्य, आणि ते आपल्या कामाला इतके साजेसे होते की आजच्या भांडी घासण्याच्या पेस्टची घडण समजून घ्यावयाची तर आरंभ तेथूनच केला पाहिजे. लाकडाच्या राखेतील पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार तेलातुपातील मेदाम्लांशी संयोग पावून जागच्या जागी थोडासा साबण निर्माण करतो, तिच्यातील बारीक खनिज कण चिकटलेला थर खरवडतात आणि काथ्याचा बोळा या दोहोंना भांड्याच्या अंगावर फिरवितो. तांब्या-पितळेचा काळेपणा मात्र आम्लाशिवाय जात नाही, म्हणून तेथे चिंचेची तजवीज होती. मुंबईत १९५५ च्या सुमारास नळकांड्यातील गॅस घरी मिळू लागला, यथावकाश तो तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला, आणि जेथे चूल गेली तेथून राखही गेली. तिची जागा तयार जिनसांनी घेतली: लीव्हर बंधूंची व्हिम ही पूड इंग्लंडात १९०४ मध्ये निघाली होती, त्याच नावाची वडी भारतात १९९३ मध्ये आली. पूड कोरडी असल्याने टिकते आणि वडी घट्ट असल्याने टिकते. पेस्टला मात्र जवळजवळ निम्मा दगड आणि उरलेले पाणी पोटात घेऊन महिनोन्महिने एकजीव राहावयाचे असते, आणि म्हणूनच करणाऱ्याच्या कौशल्याची कसोटी या तिहींपैकी पेस्टमध्ये सर्वांत कठोर लागते, असे माझे मत आहे.

दगडाची निवड हा या विद्येतील पहिला आणि सर्वांत गंभीर निर्णय होय. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या कठीणतेच्या श्रेणीत शंखजिऱ्याला १, कॅल्साइटला ३, फेल्डस्पारला ६ आणि गारेला ७ असे स्थान आहे. डोलोमाइट साडेतीन ते चार यांच्या दरम्यान येतो आणि खिडकीची साधी काच साडेपाचाच्या आसपास. करपलेल्या दुधाचा किंवा भाजीचा थर या श्रेणीत अगदी खालच्या पायरीवरचा असल्याने त्याला कॅल्साइट किंवा डोलोमाइट सहज उचलतो आणि काचेला वा स्टेनलेस स्टीलला धक्का लावीत नाही. गारेची पूड मात्र थर उचलते आणि भांडेही ओरबाडते. ॲल्युमिनियमची अवस्था सर्वांत दयनीय म्हटली पाहिजे, कारण त्याची कठीणता पावणेतीनच्या घरात असल्यामुळे कॅल्साइटही त्याच्यावर उमटतो, आणि पेस्टमधील धुण्याच्या सोड्याचा तीव्र क्षार त्याला काळवंडून टाकतो तो निराळाच. सोडियम सिलिकेट थोडेसे घातले असता क्षाराचा हा उपद्रव बराच आवरतो.

डोलोमाइट आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूरच्या बाजूस सापडतो, कॅल्साइट पुष्कळसा राजस्थानातून येतो. परंतु खाणीतून निघणारा दगड पुस्तकातल्यासारखा शुद्ध नसतो, त्यात गारेच्या शिरा असतात, आणि गिरणीत त्या दगडाबरोबरच दळल्या जातात. आलेल्या पोत्याची परीक्षा करण्याची रीत अत्यंत साधी आणि अत्यंत विश्वासार्ह आहे. चिमूटभर कॅल्साइटची पूड काचेच्या पेल्यात घेऊन तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले की फसफसून ती विरघळून जाते (डोलोमाइट असल्यास आम्ल थोडे कोमट करावे लागते, कारण थंड आम्लात तो संथपणे विरतो), आणि फसफस थांबल्यावर तळाशी जे उरते ते बोटांच्या चिमटीत धरून दोन काचपट्ट्यांमध्ये चोळले असता करकर ऐकू आली आणि काचेवर रेघ उठली, म्हणजे माल परत पाठवावा. स्वस्त पोत्याच्या मोहाने ही परीक्षा टाळणारा कारखानदार गिऱ्हाइकाच्या घरातील भांड्यांचे जे नुकसान करतो ते त्याच्या जमाखर्चात कोठेही दिसत नाही, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

मिश्रणाच्या पिंपातील क्रम हाही असाच काटेकोर आहे. बाजारात ज्याला ‘ॲसिड स्लरी’ म्हणतात ते अल्किलबेंझीन सल्फॉनिक आम्ल धुण्याच्या सोड्याने उदासीन केले की तेलाला पाण्यात ओढणारे द्रव्य तयार होते. हिशोबाने शंभर भाग शुद्ध आम्लास सुमारे १७ भाग सोडा लागतो, आणि किलोभर आम्लामागे ३५ ते ४० लिटर कर्बवायू बाहेर पडतो. पिंप अर्धे रिकामे न ठेवणाऱ्याच्या पायांवर त्याचा फेस ऊन ऊन उतू जातो. ही क्रिया पूर्ण होण्याआधीच कॅल्साइट घातला तर आम्ल दगडावरच खर्ची पडते, त्यातून बनणारा कॅल्शियमचा क्षार धुण्याच्या कामी निरुपयोगी ठरतो आणि अडकलेल्या वायूने पेस्ट डब्यात भरल्यानंतर फुगते. सबब आधी पाण्यात सोडा, मग सावकाश धारेने आम्ल, वायू निघून जाईपर्यंत धीर, आणि अखेरीस दगड, हा दस्तूर मोडता येत नाही.

परंतु या सगळ्याहून अवघड काम म्हणजे दगडाला अधांतरी धरून ठेवणे. भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्स यांनी १८५१ मध्ये दाखविलेल्या नियमानुसार द्रवात कण बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३२५ मेशच्या चाळणीतून जेमतेम उतरणारा, म्हणजे ४४ मायक्रॉनचा, कॅल्साइटचा कण साध्या पाण्यात सेकंदाला दीडदोन मिलिमीटर उतरतो आणि बोटभर उंचीची डबी मिनिटभरात ओलांडतो. पाणी नुसते दाट केल्याने ही अधोगती लांबते, थांबत नाही. तेथे बेंटोनाइट माती उपयोगी पडते: तिचे सूक्ष्म पापुद्रे पाण्यात फुगून पत्त्यांच्या बंगल्यासारखी एक नाजूक रचना उभी करतात, ती दगडाचा भार पेलण्याइतकी बळकट असते, पण घासणीचा जोर लागताच मोडून पेस्ट पसरू देते आणि स्वस्थ ठेवली की पुन्हा उभी राहते. ग्वार गम किंवा सेल्युलोजचा डिंक जोडीला देतात, मात्र डिंक आला की बुरशीही येते, म्हणून परिरक्षकाची तरतूद हवी. नमुन्याच्या डब्या फळीवर ठेवून काही आठवड्यांनी उघडल्या असता वर सुटलेले पाणी आणि खाली बसलेला गोळा दिसला, की रचना फसली असे समजावे. थंड प्रयोगशाळेत उत्तम उतरलेली पेस्ट विदर्भाच्या वैशाखात ट्रकमध्ये तापून नेमकी अशीच विस्कटते, म्हणून नमुने उन्हात ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

हातांचा विचार मात्र या उद्योगात फार उशिरा होतो, तो आरंभीच व्हावयास हवा. सोडा स्वस्त, म्हणून तो हिशोबापेक्षा कितीतरी अधिक टाकण्याकडे कल असतो. त्याने तेल झटकन सुटते, आणि त्याच क्षाराने कातडीतील स्निग्धताही सुटते. स्वतःच्या घरची चार भांडी घासणाऱ्यास ते जाणवत नाही, पण सकाळपासून पाचसहा घरांची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या बोटांच्या पेरांना भेगा पडतात आणि त्या भेगांत दगडाचे कण शिरतात. सोडा आटोक्यात ठेवून थोडे ग्लिसरिन घालण्याचा खर्च मामुली आहे, शिवाय ग्लिसरिनमुळे पेस्ट डबीत वाळतही नाही. तेव्हा किफायतीच्या दृष्टीनेही तो टाळण्याचे कारण मला दिसत नाही.

फेसाचीही तीच कथा. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे, परंतु गिऱ्हाईक फेसावरून माल जोखते म्हणून कारखानदार तो वाढवितो, आणि वाढलेला प्रत्येक बुडबुडा विसळायला पाणी मागतो. टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यातील गावात, किंवा जेथे बोअरचे पाणी इतके जड की साबणाचाच साका होतो तेथे, कमी फेसाची, दगडाचा कण मध्यम ठेवलेली पेस्ट हवी. मध्यम अशासाठी की अतिबारीक पूड कमी पाण्यात विसळली जात नाही, आणि ताट वाळल्यावर त्यावर पांढुरका थर राहतो. अशी पेस्ट बनविण्यास नवीन शोधाची गरज नाही, द्रव्ये हीच आहेत. आम्लाचे प्रमाण थोडे उतरवावे, चाळणी बदलावी, आणि नमुना मुंबईच्या नळाखाली न तपासता लातूरच्या एका बादलीत तपासावा.