जीभ वळत नाही म्हणणाऱ्यांसाठी

सीमाभागातून परराष्ट्र सेवेकडे : लेखांक ५

परीक्षेतला क्रमांक आणि सेवांचा पसंतीक्रम यांचं गणित मागच्या लेखात मांडलं. ते पटलं तरी नंदगड-खानापूरकडच्या मुलांची एक शंका हमखास उरते. अभ्यास करू, पण अरबी-चिनी आपल्याला कुठली जमायला? भाषेचं अंगच नाही! असं म्हणणारा मुलगा घरी मराठी बोलतो, बसवरची कन्नड पाटी वाचून गाडीत चढतो, गोव्याच्या मामाशी कोकणीत गप्पा मारतो आणि हिंदी सिनेमा बघतो. त्याला स्वतःला मात्र हे भाषांचं काम वाटत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोग परदेशी भाषा विचारतच नाही. मुख्य परीक्षेत इंग्रजी आणि एक भारतीय भाषा यांचे प्रत्येकी ३०० गुणांचे पेपर असतात, तेही फक्त पात्रतेपुरते. फ्रेंच, जर्मन, अरबी साहित्य हे वैकल्पिक विषय तर २०१३ पासून यादीतूनच गेले. परदेशी भाषा येते ती निवड झाल्यावर. मसुरी आणि दिल्लीतल्या प्रशिक्षणानंतर प्रत्येक अधिकाऱ्याच्या वाट्याला एक सक्तीची भाषा येते. ती जिथं बोलली जाते अशा ठिकाणी बहुधा त्याची पहिली नेमणूक होते आणि तिची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. शिकवणी सरकारची, पगार चालू, आणि मागे परीक्षेचा बडगा. इतकी सोय आणि इतकी सक्ती एकत्र मिळाली तर आळशी माणूसही शिकतो.

मग उपजत देणगीचं काय? जॉन कॅरल आणि स्टॅन्ली सॅपन या अमेरिकन अभ्यासकांनी १९५९ मध्ये भाषा शिकण्याची क्षमता मोजणारी चाचणी काढली. ती पुढे सरकारी निवडींतही वापरली गेली. पण कॅरल यांच्या मते ही क्षमता म्हणजे मुख्यतः वेग. एकाला सहा महिने लागतील, दुसऱ्याला दहा. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्थाही भाषांकडे वेळेच्याच हिशेबानं पाहते. इंग्रजी बोलणाऱ्याला स्पॅनिश साधारण ३० आठवड्यांत येते. अरबी, चिनी, जपानी, कोरियन यांना ८८ आठवडे, म्हणजे वर्गातले सुमारे २२०० तास लागतात. हिंदी-मराठी मधल्या गटात, ४४ आठवड्यांच्या. आपली मायबोली त्यांना सोपी जात नाही, हे वाचून बरं वाटतं!

हा हिशेब इंग्रजीवाल्याचा. मराठी-कन्नड माणसासाठी तो बदलतो. 'मी उद्या टोकियोला जातो' हे वाक्य घ्या. कन्नडमध्ये 'नानु नाळे टोकियोगे होगुत्तेने', जपानीत 'वाताशी वा आशिता तोक्यो नि इकिमासु'. तिन्हींत शब्दांचा क्रम एकच, क्रियापद शेवटी आणि '-ला' गावाच्या नावामागे. इंग्रजी माणसाला इथं सगळं वाक्य उलटं करावं लागतं. चिनीत 'प' आणि 'फ', 'त' आणि 'थ' यांच्यासारखाच श्वासाचा फरक अर्थ बदलतो. इंग्रजांना तो महिनोन्‌महिने छळतो, आपल्याला बाराखडीतच मिळालेला असतो. चिनी सूर आणि हजारो अक्षरचिन्हं मात्र सगळ्यांना सारखीच घाम फोडतात.

अब्दुल लाट हे शिरोळ तालुक्यातलं गाव निपाणीपासून फार लांब नाही. तिथले ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये परराष्ट्र सेवेत आले, टोकियोत जपानी शिकले आणि खात्यात सचिव होऊन निवृत्त झाले. अर्थात ते शाळेतच संस्कृतात चमकलेले, म्हणजे आपल्या शंकेखोर मुलाला हे उदाहरण पुरतं लागू नाही. वसंत परांजपे यांचंही तेच. १९४७ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर ते पेकिंगला शिकायला गेले आणि १९५४ मध्ये नेहरू-माओ भेटीत दुभाषी होते. अशी माणसं थोडीच असतात, आणि खात्यालाही सगळे परांजपे लागत नाहीत.

बोलणी दुभाष्याकरवी करण्याची रीत जुनी आहे. १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला तेव्हा इंग्रजांच्या बाजूनं नारायण शेणवी दुभाषी होता. आजही मोठ्या बैठकींत दुभाषी असतात. अधिकाऱ्याला भाषा लागते ती सकाळचं वर्तमानपत्र चाळायला, जेवणाच्या टेबलावरचं बोलणं समजायला, दुभाष्यानं काय गाळलं ते ओळखायला. त्यासाठी कवी व्हावं लागत नाही. उच्चार गावठी राहिला तरी चालतो.

सीमाभागातल्या मुलाची खरी कच्ची बाजू वेगळीच आहे. बाजारात कन्नड फडाफडा बोलणारे कितीतरी जण कन्नड वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचू शकत नाहीत. कानानं आलेली भाषा कानातच राहते. भाषेची सरकारी परीक्षा मात्र लिहायला-वाचायला लावते. तेव्हा फ्रेंचच्या महागड्या वर्गाला आत्ताच पैसे घालू नका, त्याचे गुण मिळत नाहीत. रोज कन्नड पेपरातली एक बातमी वाचा आणि तिचा सारांश इंग्रजीत लिहून काढा. दुसरी लिपी सरावानं हाताखाली आणण्याची सवय त्यात लागेल, आणि ती अरबीलाही कामी येईल.

पुढच्या लेखात : दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत काय शिकवतात.