परभणीचं मत आणि परभणीचा कोयता

1952 साली पहिली लोकसभा निवडणूक झाली आणि परभणीने शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) नारायणराव वाघमारेंना दिल्लीला पाठवलं. निजामाचं राज्य जाऊन चारच वर्षं झाली होती. कूळ कायदा 1950 साली आला होता, पण सावकाराचा आणि जमीनदाराचा धाक गावातून गेला नव्हता. जमीन कुणाची, राबतं कोण, यावर तेव्हा उघड मत मागता येत होतं. आज हे सांगितलं तर तरुण पोरांना खरं वाटत नाही.

मग 1972चा दुष्काळ. बागायतदाराच्या घरची माणसंही सालगड्याच्या शेजारी बसून खडी फोडत होती, सुकडी खात होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेला त्या दिवसांनी बळ दिलं. शहरातल्या पगारदारावर व्यवसाय कर बसवायचा आणि खेड्यातल्या मजुराला मागेल तेव्हा काम द्यायचं, असा तो हिशेब. 1977 साली कायदा मंजूर झाला, 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. विषमतेवर महाराष्ट्राने घातलेला इतका नेमका घाव मला दुसरा दिसत नाही. त्याच 1977 साली परभणीने पुन्हा शेकापचाच खासदार निवडला, शेषराव देशमुख.

त्यानंतर जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आलं आणि जिल्हा दुभंगला. पाथरी, मानवतकडे कालव्याखाली ऊस उभा राहिला. गंगाखेड, पालम, जिंतूरचा डोंगरपट्टा कोरडाच राहिला. मतं मात्र या भेदावर पडली नाहीत. 1991 पासून, 1998 सोडलं तर, खासदार शिवसेनेचा. आता निवडणूक लागली की आधी जातीची बेरीज होते. अमेरिकेतही 2016 साली मिशिगन, पेनसिल्व्हेनियातल्या कारखानदारीच्या पट्ट्यातले बरेच कामगार जुना पक्ष सोडून ट्रम्प यांच्यामागे गेले. पोटाचा प्रश्न तसाच राहतो, त्यावर बोलणारा बदलतो.

दिवाळी सरली की डोंगरपट्ट्यातल्या तांड्यांवर ऊसतोडीला नेणारे ट्रॅक्टर येतात. पीठ, भांडी, कोंबड्या, शेळी आणि त्यावर लेकरं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली आणि औषधपाण्यात, लग्नात संपलेली. बाई आजारी पडली तरी खाडा धरतात. पाचवीतली पोरगी पाचटाच्या खोपीत धाकट्याला सांभाळते, तिची शाळा तिथंच थांबते.

2024 साली गाळप हंगाम 15 नोव्हेंबरपासून ठरला आणि विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला. ज्यांच्या घामावर बागायत-कोरडवाहूचा हा भेद उभा आहे, त्यातल्या कितीतरी जणांना मतासाठी परत यायचं म्हणजे मजुरी बुडवून, पदरचं भाडं मोडून यायचं होतं. सीमेवरच्या जवानाला टपालाने मत देता येतं. फडातल्या मजुरालाही तशी सोय द्या, एवढी मागणी परभणीच्या प्रत्येक आमदार-खासदाराने पुढच्या हंगामाआधी लावून धरावी.